चव्वेचाळिसावं नाव

आश्विन लागला की मी मिरजेच्या पूर्वेला जायचं टाळते. गेली तीन वर्षं जमवलं. लग्नाचं आमंत्रण आलं की माझी पाठ दुखते, कुणाचं कार्य असलं की नवऱ्याला पाठवते, आणि कॉलेजचं काम निघालं तर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालते. यंदा नाही जमलं. जतकडच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून माझं नाव आलं आणि विभागात आता मी सोडून वनस्पतिशास्त्राचं कुणी उरलेलंच नाही. तेव्हा सकाळच्या एसटीत बसले.

ऊस मागे पडतो, द्राक्षबागा लागतात, मग त्याही विरळ होतात आणि माळ सुरू होतो. पावसानं उघडीप दिली की पंधरा-वीस दिवसांत या माळाचा रंग फिरतो. भाद्रपदात हिरवा, आश्विनात तांबूस, दिवाळीला पिवळा. त्या तांबूस रंगावर सकाळच्या तिरप्या उन्हात एक जांभळट झाक येते, ती जेमतेम आठवडाभर टिकते. आणि वास. पिकत्या गवताचा वास थोडा भाजलेल्या ज्वारीसारखा असतो, थोडा मेंढीच्या लोकरीसारखा. खिडकीची काच निम्मीच बंद होत होती, त्यामुळे तो आत आला. शेजारची बाई झोपली होती. मी नाकाला पदर लावला, धूळ लागल्यासारखा.

मी अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते आहे आणि त्यातली वीस वर्षं मला गवत दिसत नव्हतं. खोटं सांगत नाही. झाड दिसायचं, फूल दिसायचं, औषधी पाला दिसायचा. गवत म्हणजे त्या सगळ्यांच्या पायाखाली जे काही असतं ते. मला गवत दाखवलं सलगरे सरांनी.

सर साताऱ्याचे. एका कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. बारीक अंगाचे, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग, पायात कॅनव्हासचे बूट. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं : गवतं गोळा करायची, वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची आणि त्यांची जात ओळखून खाली नाव लिहायचं. महाबळेश्वरच्या पावसात पोटऱ्यांवरच्या जळवा काढत त्यांनी गवतं जमवली होती आणि माणदेशातल्या उन्हातही जमवली होती. आमच्या कॉलेजात ते एकदा व्याख्यानाला आले. पोरं कंटाळली, मीच कशी कोण जाणे ऐकत राहिले. जाताना ते म्हणाले, "तुमच्याकडं एवढे माळ आहेत. त्यांच्यावर काय आहे ते कुणी लिहून ठेवलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग मी येतो," म्हणाले. आणि खरंच यायला लागले. सकाळी रेल्वेनं मिरजेला उतरायचे, मी स्टेशनवर जायचे, तिथून आम्ही एसटीनं माळ गाठायचो.

एकदा मी त्यांना विचारलं, "सर, साताऱ्याच्या वर फुलांचं एवढं पठार आहे. ते सोडून इकडं का येता?"

"तिथं बघायला पुष्कळ लोक येतात," सर म्हणाले. "गाड्या लावायला जागा नसते. मी गेलो तर आणखी एक माणूस वाढेल."

त्यांच्या बोलण्यात असा कडवटपणा नेहमीच असायचा, पण तो कुणाला लागू नये अशी काळजीही असायची. फुलांचा त्यांना राग नव्हता. फुलांना नावं होती, नावांच्या पाट्या होत्या, पाट्यांमुळे कुंपण होतं, राखणदार होता. हे सगळं एका क्रमानं येतं, असं ते म्हणायचे. आधी कुणीतरी खाली बसून बघावं लागतं, ही वेगळी आहे असं म्हणावं लागतं, ते सिद्ध करावं लागतं, मग नाव. नाव मिळालं की ती यादीत जाते. यादीत गेली की ती किती उरली आहे हे मोजता येतं. मोजली की वाचवा म्हणता येतं. पहिली पायरीच नसेल तर वरच्या पायऱ्यांवर कितीही भाषणं करा. आपल्याकडं समोरच्या माणसाची जात दोन मिनिटांत काढून घेतात, आणि गवताची जात विचारली की तेच लोक हसतात. हे मी म्हणते आहे. सर असं म्हणाले नसते.

पाच वर्षांपूर्वीच्या आश्विनात आम्ही जत तालुक्यातल्या एका माळावर होतो. गावाचं नाव लिहीत नाही, आता त्याचा उपयोग नाही. टेकाडावर बिरोबाचं ठाणं होतं, दगडांची उतरंड आणि वर एक पांढरं निशाण. त्याच्या पश्चिमेच्या उतारावर, पाण्याच्या ओघळीला, म्हणजे वगळीला लागून, सर पालथे पडून भिंगातून बघत होते. मी शेजारी वही धरून बसले होते. इतक्यात मेंढरं आली आणि त्यांच्यामागून एक बाई आली. पन्नाशीची, कपाळभर कुंकू, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"काय हरवलंय?" तिनं मला विचारलं.

"काही नाही. गवत बघतोय."

ती थोडा वेळ सरांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पडून बघाय लागतंय व्हय?"

सर उठून बसले. बाईचं नाव म्हाकूबाई. पन्नास-साठ मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, थोरला मुलगा सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात दक्षिणेत कुठंतरी. सरांनी तिला माळावरची गवतं उपटून एकेक दाखवायला सुरुवात केली, वर्गात तोंडी परीक्षा घ्यावी तशी. "हे काय?" "पवन्या." "हे?" "मारवेल." "हे?" "शेडा. आन् ही फुली. ही कुसळी." सरांच्या मनातलं लॅटिन नाव आणि तिच्या तोंडातलं नाव दर वेळी एकाच गवतावर येऊन थांबत होतं. सर इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी आणखी एक काडी पुढं केली.

"ही पण कुसळी."

"न्हाई," म्हाकूबाई म्हणाली. "ती मुकी कुसळी."

"मुकी म्हणजे?"

तिला प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "मुकी म्हंजे बोलत न्हाई. टोचत न्हाई. कुसळी पिकली की मेंढराच्या लोकरीत शिरती, त्वांडात शिरती, डोळं फोडती. हिला कुसळच न्हाई. दिवाळीपत्तूर मेंढरं खात्यात हिला. लय ग्वाड."

"कुठं कुठं असते ही?"

"हितंच. ह्या वगळीच्या कडंला. दुसरीकडं म्या तर बघितली न्हाई. आमचं सासरं म्हनायचं, बिरोबानं मेंढरासाठी ठिवलीया."

सरांनी तुरा हातावर घेतला, भिंग लावलं. मी घड्याळ बघितलं नाही, पण मेंढरं खालच्या ओढ्यापर्यंत जाऊन परत आली तरी ते बघतच होते. कुसळीला बियाच्या टोकाला लांब, पिळलेला काळा केस असतो. इथं त्याच्या जागी नुसता एक बारीक उंचवटा होता. बियाचं खालचं टोक भाल्यासारखं हवं, ते बोथट होतं. "कोवळी असेल सर," मी म्हटलं. त्यांनी पिकलेला तुरा शोधला. त्यालाही नव्हतं.

"हे माझ्याकडं नाही," सर शेवटी म्हणाले.

ज्यांनी त्यांना ओळखलं त्यांना या तीन शब्दांचं वजन कळेल. दक्षिण महाराष्ट्रातलं त्यांच्याकडं नसलेलं गवत म्हणजे बहुधा कुणाकडंच नसलेलं गवत. तरी त्यांनी नवी जात हा शब्द उच्चारला नाही. आम्ही फक्त दोन ठोंब घेतले. सगळा उतार मिळून ती जात दोन खळ्यांएवढ्या जागेत होती, जास्त घ्यायची त्यांची तयारी नव्हती. साताऱ्याला जाऊन त्यांनी पत्रं पाठवली. प्रत्येक जातीचं नाव कुठल्या ना कुठल्या एका वाळलेल्या नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं. ते मूळ नमुने दूरदूरच्या संग्रहालयांत असतात, काही परदेशात. आपलं गवत त्यांतल्या कुठल्याच नमुन्याशी जुळत नाही हे दाखवल्याशिवाय नवं म्हणता येत नाही. घाईत नवं नाव ठेवणाऱ्यांचा सरांना तिटकारा होता. "पुढच्या माणसाला ती घाण उपसत बसावं लागतं," म्हणायचे.

तो आश्विन माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना होता. हे लिहायला मला जड जातं. माळावरची दुपार, सरांच्या डब्यातली लसणाची चटणी, म्हाकूबाईनं तांब्यातून दिलेलं मेंढीचं दूध, आणि एका गोष्टीची आपल्या तिघांनाच खबर आहे हा पोरकट आनंद. परत येताना माझ्या साडीच्या काठात कुसळं अडकलेली असायची आणि मी ती घरी बसून एकेक काढायची. नवरा म्हणायचा, एवढी हसतेस कशाला.

दिवाळीनंतर आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी मला बोलावलं. कुठल्याशा रस्त्यासाठी झाडं तोडली गेली होती, त्यांच्या बदल्यात दुसरीकडं झाडं लावायची होती. त्यासाठी निवडलेल्या जागांत आमचा माळ होता. सरकारी कागदावर तो ‘पडीक’ होता. शेकडो मेंढरं, लावे, ससे, चाळीसपेक्षा जास्त जातींचं गवत आणि पडीक. जागेवर आधी कोणत्या वनस्पती आहेत याची यादी हवी होती, तिच्यावर वनस्पतिशास्त्रज्ञाची सही हवी होती. "आपल्या कॉलेजला हे काम मिळणं ही चांगली गोष्ट आहे," प्रमुख म्हणाले. विभागप्रमुखाच्या जागेसाठी तेव्हा माझं नाव पुढं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही, मला आठवण करून द्यायची गरज नव्हती.

मी यादी केली. प्रामाणिकपणे केली. गवतांच्या भागात त्रेचाळीस नावं, आणि शेवटी चव्वेचाळिसावी ओळ : ‘गवत, ओळख पटलेली नाही, नवीन जात असण्याची शक्यता, फक्त पश्चिम उतारावर.’

आठ दिवसांनी अहवाल तयार करणाऱ्या कंपनीचा तरुण समन्वयक कॉलेजात आला. सभ्य होता. माझ्याच विषयात पदवी घेतलेला निघाला.

"मॅडम, ही शेवटची ओळ."

"काय झालं?"

"आमच्या तक्त्यात नाव लिहावंच लागतं. पुढं त्या नावावरून ती दुर्मीळ आहे का ते बघतात. नावच नसलं तर तक्ता पुढं सरकत नाही."

"पण ती आहे तिथं. मी बघितलीय."

"तुम्ही बघितलीय हो. पण कुठल्या यादीत बघू मी तिला?" त्यानं यादी माझ्याकडं वळवली. "कुसळी म्हणून लिहू का? ती वर आहेच. नाहीतर एवढी ओळ काढू. तुमचं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं काय असायला हवं होतं ते मला त्या क्षणीही माहीत होतं. सरांना फोन करायला हवा होता. केला असता तर ते म्हणाले असते, थांबा, सही करू नका. ते तसंच म्हणतील हे माहीत होतं म्हणून मी फोन केला नाही. मला कुणाच्या डोळ्यावर यायचं नव्हतं. अडून बसणारी बाई असं नाव मला नको होतं. आणि आणखी खालची, आणखी लाजिरवाणी गोष्ट अशी की माझ्या मनानं हळूच म्हटलं, गवत तर आहे, कुठं जाणार आहे. वीस वर्षं मला गवत दिसत नव्हतं, ते डोळे गेले नव्हते. ते आतच होते.

मी ओळीवर आडवी रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं लिहिली आणि खाली सही केली. तो चहा पिऊन गेला.

फाल्गुनात सरांचा फोन आला. पत्रांची उत्तरं आली होती, कुठल्याच नमुन्याशी जुळत नव्हतं. "आता म्हणायला हरकत नाही," ते म्हणाले आणि फोनवरच थोडे हसले. "पुढच्या आश्विनात मुळं आणि पिकलेलं बी नीट घेऊ, मग लिहून टाकू." मी हो म्हटलं. यादीबद्दल बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्या समन्वयकाला फोन लावला.

"मॅडम, नाव छापून आलंय का?"

"अजून नाही. पुढच्या वर्षी येईल."

"मग आलं की कळवा. आपण बघू."

मी फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड आहे. सहीपेक्षाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी माळावर यंत्रं आली. ठरावीक अंतरावर खड्डे, चारी बाजूंनी चर, चराई बंदची पाटी. वगळीच्या कडेला माती मऊ म्हणून तिथं खड्डे सगळ्यात दाट. शाळेची मुलं आणली होती, त्यांनी झाडांच्या घोषणा दिल्या, पाहुण्यांनी भाषण केलं. हे मला नंतर कळलं. वाईट माणूस त्यात एकही नव्हता. सगळ्यांना आपण चांगलं काम करतोय असंच वाटत होतं, आणि झाड लावणाऱ्याला अडवणार कोण? कुणी जंगल तोडलं तर लोक रस्त्यावर येतात. झाडं लावून माळ मारला तर हार घालतात.

आश्विनात सर आले. मी त्यांना स्टेशनवर काही सांगितलं नाही, एसटीतही सांगितलं नाही. माळाच्या कडेला उतरल्यावर ते उभेच राहिले. खड्ड्यांतून निघालेला मुरूम सगळ्या उतारावर पसरला होता आणि त्याच्यावर गाजरगवत उगवलं होतं. रोपं कमरेएवढी, निम्मी वाळलेली. बिरोबाचं निशाण होतं तिथं होतं.

आम्ही तीन दिवस शोधलं. सर चरांत उतरले, खड्ड्यांच्या कडा हातानं चाचपल्या, ठाण्याच्या दगडांमागं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला तरी ते थांबले नाहीत. कुसळी सापडली, मारवेल सापडलं. मुकी सापडली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका खड्ड्याच्या कडेला बसले आणि बुटातली माती झाडत म्हणाले, "असल्या कामाला आधी वनस्पतींची यादी लागते ना?"

"लागते."

"इथली कुणी केली?"

"मी."

त्यांनी दुसरा बूट काढला. तोही झाडला.

"गवतांची किती नावं होती?"

"त्रेचाळीस."

"चव्वेचाळीस हवी होती."

एवढंच. मी कारणं सांगायला लागले, तक्ता, समन्वयक, नाव नाही. त्यांनी मान हलवली. ऐकलं म्हणून हलवली, पटलं म्हणून नव्हे. आम्ही एसटीनं मिरजेला परतलो. गाडीत चढताना मी पिशवी वर द्यायला हात पुढं केला तेव्हा म्हणाले, "राहू द्या, हलकी आहे." त्यानंतर ते आमच्याकडच्या माळांवर आले नाहीत.

पण लेख त्यांनी लिहिला. हातात होते त्या दोन नमुन्यांवरून लिहिला. जगाच्या दृष्टीनं त्या गवताचा जन्म तिथं झाला. जातीचं नाव ठेवताना त्यांनी लॅटिनमध्ये मुकी या अर्थाचा शब्द घेतला आणि हे नाव कुणी दिलं ते म्हाकूबाईचं पूर्ण नाव, गाव लिहून सांगितलं. ठिकाणाच्या माहितीत एक वाक्य होतं : त्या जागेवर वृक्षलागवड झाली असून नंतर शोधूनही ही जात आढळलेली नाही. ती लागवड कुणाच्या सहीनं झाली ते लिहिलं नव्हतं. उलट लेखक म्हणून त्यांच्या नावाशेजारी माझं नाव होतं.

मी फोन केला. म्हटलं, "सर, माझं नाव काढा."

"नमुना तुम्ही गोळा केलात. वहीत तुमचं अक्षर आहे. खरं आहे ते लिहिलं." मग म्हणाले, "मी नावं काढत नाही."

कॉलेजनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. स्थानिक वर्तमानपत्रात आलं, ‘जिल्ह्यात नव्या गवताचा शोध’. सरांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. मी माईकवर गेले आणि जैवविविधता आपला ठेवा आहे, असं काहीतरी बोलले. विभागप्रमुखाची जागा मला त्याच वर्षी मिळाली. सर गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मुलीनं साताऱ्याहून फोन केला, बाबांचे गवताचे कागद आहेत खोलीभर, काय करू. मी टेम्पो करून ते आणले. ठेवायला जागा नव्हती. आमच्या जुन्या नमुन्यांची कपाटं संगणककक्षासाठी आधीच व्हरांड्यात काढली आहेत, पावसाची झड येते तिथं. वर्गीकरणाचा पेपर ऐच्छिक झाला तेव्हा तो दोन मुलींनी घेतला होता, यंदा कुणीच नाही. मी दर शनिवारी एकेक गठ्ठा उलगडते आणि डांबरगोळ्या बदलते. सरांच्या बारीक अक्षरात हजारो नावं आहेत. ती वाचू शकणारी माणसं माझ्या माहितीत आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांतली बरीच माझ्यापेक्षा म्हातारी आहेत. ती गेली की कुणी माळावर उभं राहील, समोर पन्नास जाती असतील आणि त्याला गवत दिसेल. एकच. माझ्यासारखं.

परीक्षा दुपारी दोनला संपली. तोंडीला मी एका मुलीला कुसळीचा तुरा दाखवला, ती म्हणाली, गवत. तिला काय बोलणार, मी चार गुण दिले. परतीची एसटी चारला होती. मी म्हाकूबाईच्या गावाकडं शिटं भरून जाणाऱ्या वडाप जीपमध्ये बसले. का बसले ते विचारू नका. कुणाला तरी तोंड दाखवायचं राहिलं होतं.

माळावर आता ऑस्ट्रेलियन बाभळी उभ्या आहेत, जगल्या तेवढ्या. त्यांच्याखाली पाचोळ्याचा थर आहे आणि काही उगवत नाही. म्हाकूबाईचं घर विचारलं तर सून म्हणाली, सासूबाई बागेत कामाला गेल्यात. चराई बंद झाल्यावर मेंढरं त्याच वर्षी विकली होती. द्राक्षाची छाटणी चालू होती. बायकांची टोळी ओळीनं काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, औषधाची पेस्ट लावत होती. हातात प्लास्टिकचे मोजे घातलेली म्हाकूबाई मी लगेच ओळखली नाही. तिनं मला ओळखलं.

"म्हातारं सर बरं हायती का?"

"गेले. हिवाळ्यात."

तिचे हात थांबले. "चांगलं मानूस हुतं," ती म्हणाली. "पडून बघायचं." आणि पुन्हा हात चालवायला लागली.

मी तिच्याबरोबर ओळीतून पुढं सरकत लेखाची प्रत काढली. तिचं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं. तिनं मोजा काढला, पण कागदाला हात लावला नाही.

"काय लिवलंय ह्यात?"

"की मुकी कुसळी नावाचं गवत इथं होतं. बिरोबाच्या खालच्या उतारावर."

"त्ये आमाला ठावं हाय," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं. यादी म्हणजे काय, सही म्हणजे काय, मी कोणत्या ओळीवर रेघ मारली. तिला समजेल अशा शब्दांत सांगायचा प्रयत्न केला आणि सांगता सांगता लक्षात आलं की ते फार सोपं होतं, अवघड मीच करत होते. पलीकडच्या ओळीतल्या दोघी ऐकायला थांबल्या होत्या.

"म्हंजे ती हितं हाय, ह्ये तुमाला म्हाईत हुतं," म्हाकूबाई म्हणाली.

"हो."

"म्याच सांगितलं हुतं."

"हो."

"आन् तुमी लिवलं न्हाई."

"लिहिलं होतं. मग खोडलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती चिडेल, निदान मेंढरांबद्दल काही बोलेल. तिनं मोजा परत हातात चढवला, पेस्टचा डबा उचलला आणि ओळ बदलली. आमच्या भागात कुणीही घरून, रानातून, बांधावरून निघालं तरी त्याला ‘या’ म्हणतात. वैऱ्यालाही म्हणतात. मी मोठ्यानं म्हटलं, "येते मी, म्हाकूबाई." पलीकडच्या दोघींनी तिच्याकडं बघितलं. ती पाठमोरी होती, आणि एकेका काडीचा एकेक डोळा नीट बघून पेस्ट लावत होती.